लायसन्स मिळालं तरी कॉलेज सोडू नका

न्यूयॉर्क राज्यात आज कम्युनिटी कॉलेजातून असोशिएट डिग्री, म्हणजे दोन वर्षांची पदवी, करून जी मुलगी नर्स होते, तिला लायसन्स मिळाल्यापासून दहा वर्षांच्या आत नर्सिंगमधली बॅचलर्स पदवी, म्हणजे बीएसएन, पूर्ण करावी लागते. १८ डिसेंबर २०१७ ला गव्हर्नर अँड्र्यू क्वोमो यांनी या कायद्यावर सही केली आणि 'बीएसएन इन टेन' हे त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. त्या वेळी जे आधीच नर्स होते किंवा नर्सिंगच्या वर्गात दाखल झालेले होते, त्यांना सूट मिळाली. त्यांच्यानंतर येणाऱ्यांना नाही.

मी शहरातल्या एका कम्युनिटी कॉलेजात नर्सिंग शिकवते. पहिल्या सेमिस्टरच्या मुलींना हा कायदा समजावून सांगितला की त्यांचा जीव भांड्यात पडतो. दहा वर्षं आहेत ना, मग कसली घाई! उद्या औषधांच्या डोसच्या गणिताची परीक्षा असते, तिच्यापलीकडचं कुणाला दिसणार? त्यांचं काही चुकत नाही. पण ही दहा वर्षं कशी सरतात ते मी पाहत आले आहे.

लायसन्स येतं. नर्सिंग होममध्ये नाहीतर हॉस्पिटलात नोकरी लागते. नवीन नर्सच्या वाट्याला बहुतेक वेळा नाइटच येते: संध्याकाळी सात ते सकाळी सात, आणि पुढच्या पाळीच्या नर्सला पेशंटची माहिती, म्हणजे हँडओव्हर, देऊन बाहेर पडेपर्यंत आठ. आयुष्यात पहिल्यांदा हातात बरा पैसा खेळायला लागतो. थकलेलं भाडं फिटतं, मायदेशी सँटो डोमिंगोला आईच्या औषधांचे पैसे जातात, धाकट्या भावाची फी भरली जाते. त्यात ओव्हरटाइमसाठी फोन येतो. एवढी वर्षं तंगीत काढलेलं माणूस नाही कसं म्हणणार? "पुढच्या सप्टेंबरला नक्की, प्रोफेसर," असं मला रस्त्यात भेटून सांगतात. मग लग्न, बाळंतपण, सासऱ्यांचं डायलिसिस. पाचसहा वर्षांनी ती बाई परत अर्ज करायला येते तेव्हा कॉलेजचा ईमेल बंद पडलेला असतो, पासवर्ड आठवत नसतो, आणि ज्या विद्यापीठात जायचं तिथे सांगतात की तुमची मायक्रोबायॉलॉजी फार जुनी झाली, ती पुन्हा करा. पुष्कळ ठिकाणी विज्ञानाच्या विषयांना अशी वर्षांची मर्यादा असते. तिथे तिचा धीर सुटतो.

म्हणून गेली काही वर्षं मी एकच गोष्ट लावून धरली आहे. बीएसएनची सुरुवात लायसन्सच्या आधी झाली पाहिजे. मुलगी अजून आमच्या वर्गात आहे, अभ्यासाची सवय अंगात आहे, मैत्रिणी सोबत आहेत, आणि अडलं तर माझ्या खोलीचं दार उघडं आहे, तेव्हाच तिचा पुढच्या विद्यापीठातला पहिला विषय सुरू व्हायला हवा. लायसन्सनंतर 'परत' शिकायला जाणं फार अवघड असतं. मुळात सुटलंच नाही तर परत जायचा प्रश्न येत नाही.

मुली म्हणते खरी, पण आमच्या वर्गात बावीस वर्षांची पोर असते तशी पन्नाशीला टेकलेली आजीही असते, आणि आता मुलगेही बरेच असतात. कुणी दिवसा होम हेल्थ एड म्हणून म्हाताऱ्यांना आंघोळी घालतं, कुणी पाळणाघर चालवतं. हैती, घाना, जमैका, बांगलादेश, डॉमिनिकन रिपब्लिक. केरळच्या आणि पंजाबच्या मुली नेमाने येतात. मराठी क्वचित. घरात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढलेले बरेच जण असतात. चार वर्षांचं विद्यापीठ यांना परवडत नाही, तिथे प्रवेशही सहज मिळत नाही. कम्युनिटी कॉलेज नसतं तर यातल्या बहुतेकांच्या अंगावर नर्सचा पोशाख कधी चढलाच नसता. त्यामुळे असोशिएट डिग्रीला कुणी हलकं लेखलं की मला राग येतो.

मी स्वतः सोलापूरच्या सिव्हिलमधली जीएनएम, म्हणजे नर्सिंगची डिप्लोमावाली. आमच्याकडेही हाच पेच आहे, फक्त नावं वेगळी. जीएनएम झालेल्या सिस्टरला पदवी हवी असेल तर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करावं लागतं, आणि ते बहुतेक ठिकाणी रेग्युलर असतं. म्हणजे नोकरी सोडा, नाहीतर रजा मंजूर करून घ्या. माझ्या बॅचमधल्या ज्या मैत्रिणी पी.बी.ला गेल्या त्या पुढे ट्यूटर झाल्या, काही प्राचार्य झाल्या. ज्यांना घरून जमलं नाही त्या आजही वॉर्डात आहेत, आणि त्यातल्या दोघीतिघी आमच्यात सगळ्यांत हुशार होत्या. हे माझ्या मनात कायम असतं. मी अमेरिकेत आल्यावर लायसन्सची परीक्षा दिली, नाइट करत करत आरएन-टू-बीएसएन, म्हणजे लायसन्स असलेल्या नर्सचा (आरएनचा) पदवीचा कोर्स, केला, मग मास्टर्स. नवऱ्याने मुलांचं रात्रीचं सगळं पाहिलं म्हणून ते जमलं. माझ्या विद्यार्थिनींपैकी फार थोड्यांच्या घरी असा माणूस असतो.

या अडचणीचं मूळ समजायला थोडं मागे जावं लागतं. दोन वर्षांचं नर्सिंग ही मिल्ड्रेड माँटॅग या बाईंची कल्पना. इथून जवळच, लाँग आयलंडवरच्या ॲडेल्फी कॉलेजात त्यांनी युद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, नर्सिंगची शाळा उभी केली होती. नर्सेसचा तुटवडा त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. तोपर्यंत बहुतेक नर्सेस हॉस्पिटलच्या तीन वर्षांच्या शाळांमधून घडत, जिथे शिकण्यापेक्षा वॉर्डात राबणंच जास्त असे. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात डॉक्टरेट करताना माँटॅगबाईंनी मांडलं की दोन वर्षांत, हॉस्पिटलच्या नव्हे तर कॉलेजच्या छत्राखाली, तांत्रिक कामात तरबेज अशी नर्स तयार करता येईल. १९५२ मध्ये त्याचा प्रयोग सुरू झाला आणि तो इतका यशस्वी ठरला की देशभर कम्युनिटी कॉलेजांनी तो उचलला.

पण त्यांच्या कल्पनेत ही डिग्री आपल्या जागी पूर्ण होती. दोन वर्षांची नर्स वेगळी, चार वर्षांची वेगळी, दोघींची कामं वेगळी. प्रत्यक्षात दोघी एकाच लायसन्सच्या परीक्षेला बसल्या, एकाच वॉर्डात, एकाच प्रकारच्या पेशंटशेजारी उभ्या राहिल्या. आजही एनक्लेक्स-आरएन ही लायसन्सची परीक्षा सगळ्यांना तीच: कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. वरचा मजला आहे पण जिनाच बांधलेला नाही, असं हे घर. पुढच्या सत्तर वर्षांत ज्याने त्याने आपापल्या परीने तिथे शिड्या लावल्या.

अमेरिकन नर्सेस असोसिएशनने १९६५ मध्येच सांगून टाकलं होतं की व्यावसायिक नर्सला किमान बॅचलर्स पदवी हवी. नॉर्थ डकोटाने १९८७ पासून तसा नियमच केला आणि २००३ मध्ये मागे घेतला. २०१० मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाने लक्ष्य ठेवलं की २०२० पर्यंत ८० टक्के नर्सेसकडे बॅचलर्स असावी. तेव्हा हे प्रमाण निम्म्याच्या आसपास होतं. २०२० ला ८० टक्के काही गाठले गेले नाहीत, पण २०२२ च्या राष्ट्रीय पाहणीत ते सत्तरच्या वर गेलेलं दिसलं. एवढ्या मोठ्या देशात ही चढण लहान नाही, आणि त्यातला मोठा वाटा नोकरी सांभाळून शिकलेल्या आमच्यासारख्या बायकांचा आहे.

पदवीने पेशंटला काय फायदा, असं मला घरचेही विचारतात. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००३ मधला अभ्यास यात सगळ्यांत जास्त सांगितला जातो. पेनसिल्व्हेनियातली १६८ हॉस्पिटलं त्यांनी तपासली. बॅचलर्स असलेल्या नर्सेसचं प्रमाण जिथे दहा टक्क्यांनी जास्त, तिथे शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत पेशंट दगावण्याची शक्यता पाच टक्क्यांनी कमी दिसली. यावरून प्रत्येक बीएसएन नर्स प्रत्येक असोशिएट नर्सहून चांगली असं मुळीच ठरत नाही, आणि चांगल्या हॉस्पिटलांत पदवीधर नर्सेस जास्त जात असतील हेही धरावं लागतं. मला वॉर्डात शिकवणाऱ्या सगळ्यांत भारी नर्सकडे असोशिएट डिग्रीच होती. पण त्याच बाईंना चार्ज नर्सच्या, म्हणजे पाळीच्या प्रमुखाच्या, पुढे कधी सरकता आलं नाही. पब्लिक हेल्थ, केस मॅनेजमेंट, सैन्यातली नर्सिंग सेवा, उत्तम नर्सिंगसाठीची मॅग्नेट मान्यता असलेल्या हॉस्पिटलातली मॅनेजरची जागा, सगळीकडे पदवी मागतात. आणि शिक्षिका व्हायचं तर त्याच्याही पुढची. आमच्या विद्यार्थिनींसारखी दिसणारी, त्यांच्यासारखं इंग्रजी बोलणारी शिक्षिका वर्गात उभी राहायला हवी असेल तर ती याच रस्त्याने येणार आहे.

आता प्रत्यक्ष काम. ते बहुतेक कागदांचं असतं.

मागच्या वर्षी तिसऱ्या सेमिस्टरची एक विद्यार्थिनी आली. दोन मुलांची आई, शनिवार-रविवार होम हेल्थ एडचं काम. पुढच्या विद्यापीठाने तिच्या आधीच्या विषयांची मोजणी करून कागद पाठवला होता. बॅचलर्सला साधारण १२० क्रेडिट लागतात. साठच्या आसपास आमच्याकडे होतात, आणि उरलेल्यांत नर्सिंगचे वरचे विषय साधारण तीस, बाकी इतर. तिच्या कागदावर सगळं दिसायला ठीक होतं, पण खाली स्टॅटिस्टिक्स हा विषय 'बाकी' दाखवला होता. "प्रोफेसर, स्टॅटिस्टिक्स मी केलंय. बी-प्लस आहे. दुसऱ्या कॉलेजात, नर्सिंगला यायच्या आधी."

आम्ही तिची जुनी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषय आणि ग्रेडचा कागद, शेजारी ठेवली आणि ओळ-ओळ जुळवत गेलो. विषय गेलेला होता, क्रेडिटही तीनच्या तीन धरली होती, पण 'इलेक्टिव्ह' म्हणून. म्हणजे एकूण आकड्यात ती मोजली जाणार, पण स्टॅटिस्टिक्सची अट त्याने भागणार नाही. पदरचे पैसे घालून तोच विषय पुन्हा. असं कितीदा होतं ते सांगून खरं वाटणार नाही. क्रेडिट 'ट्रान्सफर झालं' एवढ्यावर मुली खूश होतात. ते कुठल्या खात्यात जमा झालं हे बघायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

यावर उपाय एकच, जुना सिलॅबस. आठवड्यागणिक काय शिकवलं, कुठलं पुस्तक, कशा परीक्षा, हे सगळं लिहिलेला कागद. तिच्याकडे तो नव्हता. जुन्या कॉलेजच्या गणित विभागाला तिने ईमेल केला, मग फोन, मग एका बुधवारी क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रॅक्टिकल, संपवून तशीच स्क्रबमध्ये तिथे जाऊन उभी राहिली. मिळाला. त्यात हायपोथेसिस टेस्टिंग आणि रिग्रेशन आहे हे मी मार्करने रंगवून दिलं, तिने विद्यापीठाच्या विभागाकडे फेरविचाराचा अर्ज केला, आणि स्टॅटिस्टिक्सची अट पूर्ण झाली असा नवा कागद आला. तीन क्रेडिटचे पैसे आणि एक अख्खं सेमिस्टर वाचलं. तेव्हापासून मी पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगते: प्रत्येक विषयाचा सिलॅबस पीडीएफ करून स्वतःच्या ईमेलवर ठेवा, कॉलेजच्या नव्हे. कॉलेजचा ईमेल एक दिवस बंद होतो.

पैशांचंही असंच. हॉस्पिटल फी भरतं म्हणे, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. भरतातही बरीच. वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची अशी मदत करमुक्त असते, म्हणून पुष्कळ ठिकाणी तोच आकडा दिसतो. पण बहुतेक हॉस्पिटलं आधी तुम्हाला भरायला लावतात, मग निकाल दाखवल्यावर परत देतात, आणि त्या बदल्यात अमुक वर्षं नोकरी सोडणार नाही असं लिहून घेतात. आधी भरायला पैसे कुठून आणायचे? इथेच घोडं अडतं. फेडरल सरकारची गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी पेल ग्रँट पहिल्या बॅचलर्सपर्यंत चालते, पण आयुष्यभराची मर्यादा बारा पूर्ण सेमिस्टरची. ज्यांनी इंग्रजी आणि गणिताच्या पायाभूत वर्गांत, मग नर्सिंगच्या प्रवेशासाठी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी करण्यात तीनचार वर्षं घातली, त्यांची ग्रँट ऐन बीएसएनच्या वेळी संपत आलेली असते. म्हणून मी मुलींना आपलं उरलेलं पेल किती ते दरवर्षी बघायला लावते. सरकारी वेबसाइटवर वापरलेला वाटा टक्केवारीत दिसतो, एका पूर्ण वर्षाचे शंभर धरून: सहाशे म्हणजे संपला.

लायसन्सच्या आधीच बीएसएन सुरू करायची सोय इतर राज्यांनी आमच्याहून आधी नीट बसवली. ओरेगनमध्ये कम्युनिटी कॉलेजं आणि ओरेगन हेल्थ अँड सायन्स युनिव्हर्सिटी यांनी मिळून एकच अभ्यासक्रम आखला. मुलगी कुठल्याही गावच्या कॉलेजात शिकली तरी पुढचे विषय आधीच जुळलेले. नॉर्थ कॅरोलायनात २०१० पासून पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात असा प्रयोग झाला की एकाच वेळी दोन्हीकडे प्रवेश द्यायचा: पहिली तीन वर्षं मुख्य शिक्षण कम्युनिटी कॉलेजात, पण प्रत्येक सेमिस्टरला विद्यापीठाचा एखादा विषय सोबत, आणि चौथं वर्ष विद्यापीठाचं. घर सोडावं लागत नाही, फीही बरीच कमी पडते. फ्लोरिडात तर पूर्वीची कम्युनिटी कॉलेजंच बीएसएन देतात. कॅलिफोर्नियात तसं विधेयक विधिमंडळात मंजूर झालं, पण २०२४ मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ते नाकारलं. मला त्याचं वाईट वाटलं. जिथे मुलगी आहे तिथेच पदवी मिळाली तर वाटेतली गळती निम्मी तरी थांबेल असं माझं मत आहे.

आमच्याकडे सध्या जे जमतं ते असं. शेवटच्या वर्षाच्या ज्या मुलींचे मार्क बरे आहेत त्यांना जवळच्या विद्यापीठात एक विषय घेता येतो. मी त्यांना पहिला विषय शक्यतो नर्सिंगचा घेऊ देत नाही. स्टॅटिस्टिक्स किंवा समाजशास्त्रासारखा घ्या म्हणते, जो क्लिनिकलच्या वेळांशी भांडणार नाही. आणि एकच. दोन घेतलेल्या मुली मेडिकल-सर्जिकलच्या परीक्षेत गडगडताना दिसतात, आणि मग लायसन्सच धोक्यात येतं. त्या एका विषयाने फार काही क्रेडिट जमत नाहीत, पण विद्यापीठाचा आयडी हातात येतो, लायब्ररीचं लॉगिन मिळतं, ॲडव्हायझरचं नाव कळतं. लायसन्स मिळून नाइट सुरू झाली तरी जानेवारीत फक्त पुढच्या विषयाचं बटण दाबायचं उरतं. ज्या मुलींनी हे केलं त्या टिकल्या आहेत. सगळ्या नाही, पण बऱ्याच.

दुसरी मोठी भीती लिहिण्याची. बीएसएनचे विषय बहुतेक ऑनलाइन असतात, आणि त्यात लिहायचं खूप: बुधवारपर्यंत एक चर्चेची पोस्ट, रविवारपर्यंत दोघांना उत्तरं, तीन आठवड्यांनी पेपर, तोही एपीए या संदर्भ देण्याच्या ठरावीक पद्धतीने. रात्री बारा तास पाच-सहा पेशंट सांभाळणारी बाई कोऱ्या पानासमोर बसली की तिच्या तोंडचं पाणी पळतं. माझी युक्ती साधी आहे. त्यांना सांगते, मला आधी हँडओव्हर द्या. पेशंट कोण, पार्श्वभूमी काय, तुला काय दिसलं, तुझं म्हणणं काय. हँडओव्हरची ही चार पायऱ्यांची पद्धत, एसबीएआर, तर यांना झोपेतही येते. तोंडी सांगताना मी फोनवर रेकॉर्ड करते, मग म्हणते, हेच टाइप कर. पहिला मसुदा तिथेच तयार होतो.

असाच एक पेपर माझ्या मनात घर करून राहिला आहे. ती बाई घानाची, नर्सिंग होममध्ये नाइटला. त्याआधी बरीच वर्षं घरोघरी म्हाताऱ्यांची सेवा केलेली. रिसर्चच्या विषयाला तिला प्रश्न निवडायचा होता आणि तिला काही सुचत नव्हतं. मी विचारलं, कामावर कशाची चीड येते? ती लगेच म्हणाली, बेडसोअरची. पेशंट आला तेव्हा कातडी चांगली होती असं कागदावर असतं, आणि तिसऱ्या दिवशी एकदम उघडी जखम. मधलं कुणाला दिसतच नाही.

का दिसत नाही? पहिल्या टप्प्याच्या प्रेशर इंज्युरीची, म्हणजे बेडसोअरची, पुस्तकातली खूण म्हणजे बोटाने दाबल्यावर न जाणारी लाली. गोऱ्या कातडीवर ती लाली दिसते. काळ्या, सावळ्या कातडीवर नाही. तिथे रंग थोडा जांभळट किंवा आजूबाजूपेक्षा गडद होतो, आणि तोही नाइटच्या मंद दिव्यात कळत नाही. ती म्हणाली, "मी बघत नाही, प्रोफेसर. हात लावते." माकडहाडावर, टाचेवर हाताची मागची बाजू ठेवते. जागा गरम लागते, नाहीतर गार. बोटाखाली घट्ट लागते किंवा उलट पिठासारखी मऊ. पेशंटला विचारते, दुखतंय का. हे तिला कुठल्या शाळेने शिकवलं नव्हतं. मी तिला लायब्ररीच्या डेटाबेसमध्ये शोधायला बसवलं, आणि एकामागून एक लेख निघाले: कातडीचं तापमान, घट्टपणा, वेदना, हेच पाहायला सांगणारे, आणि सावळ्या पेशंटांमध्ये पहिला टप्पा नजरेतून सुटतो म्हणून त्यांच्या जखमा खोल गेल्यावरच नोंदल्या जातात हे दाखवणारे. ती स्क्रीनकडे बोट दाखवत म्हणत राहिली, "हे तर मला माहीत आहे. हे मला माहीत आहे!"

तिचा पेपर मी जपून ठेवला आहे. बेडसोअरचा धोका मोजणारा ब्रेडन स्केल तिने नीट समजावून सांगितला होता: सहा ते तेवीस गुण, अठरा किंवा त्याखाली म्हणजे धोका. आणि पुढे लिहिलं होतं की स्केलवर धोका दिसला तरी कातडी तपासायची पद्धत गोरी कातडी गृहीत धरून बनली असेल तर तिचा उपयोग अर्धाच. ते वाचताना मला सोलापूरचा वॉर्ड दिसत होता. तिथे एकही पेशंट गोरा नव्हता, आणि आम्ही 'लाली' पाठ करून परीक्षेत लिहिली. तो पेपर ती आपल्या डिरेक्टर ऑफ नर्सिंगकडे घेऊन गेली. आता तिच्या मजल्यावर नवीन आलेल्या पेशंटची कातडी दोघीजणी मिळून, हात लावून तपासतात आणि तसं लिहितात. बीएसएनने तिला हातातली कला दिली नाही, ती होतीच. ती कला वरच्यांसमोर कागदावर मांडून मान्य करून घ्यायची ताकद दिली.

मराठी मुलींसाठी थोडं वेगळं लिहिते, कारण विचारणाऱ्या वाढल्या आहेत. माझ्या वर्गात कोल्हापूरकडची एक मुलगी होती. वर्गात मला प्रोफेसर म्हणायची, बाहेर पडलं की ताई. "ताई, माझं बीकॉम आहे की. परत बॅचलर्स कशाला?" कायद्याला नर्सिंगमधलीच पदवी लागते, बॅचलर्स किंवा त्यावरची. बीकॉमने ती अट भागत नाही. पण त्या बीकॉमचं अधिकृत मूल्यमापन करून घेतलं तर इतर विषयांची क्रेडिट बरीच सुटू शकतात. शिवाय नर्सिंगेतर पदवी असलेल्या आरएनना थेट मास्टर्सकडे नेणारे कोर्स काही विद्यापीठांत आहेत, त्यांची चौकशी आधी करावी. एक तोटाही आहे: भारतातली का असेना, बॅचलर्स झालेली असेल तर पेल ग्रँट मिळत नाही. तिने हिशोब मांडला आणि मास्टर्सचा रस्ता धरला.

ज्या जीएनएम करून इकडे येणार आहेत त्यांनी निघण्याआधी आपल्या नर्सिंग स्कूलमध्ये दोन दिवस काढावेत. प्रत्येक वर्षाचे विषयवार थिअरी आणि प्रॅक्टिकलचे तास असलेली ट्रान्सक्रिप्ट, अभ्यासक्रमाची प्रत, कौन्सिलच्या नोंदणीचे कागद. मूल्यमापन करणाऱ्या संस्था ट्रान्सक्रिप्ट थेट शाळेकडून मागतात, तुमच्या हातची चालत नाही. म्हणून ऑफिसातल्या ज्या माणसाच्या हातात हे काम आहे त्याचं नाव आणि फोन नंबर घेऊन ठेवा. त्यांच्याशी नीट बोलून, चहा पिऊन या. इथून सोलापूरच्या ऑफिसला फोन लावायचा तर तुमची मध्यरात्र आणि त्यांची सकाळ, आणि ओळख असली तर कागद महिन्यात निघतो.

आमच्या विभागाकडे सध्या मी एकाच मागणीसाठी भांडते आहे. नर्सिंगचे ट्रान्सक्रिप्ट समजणारा एक ॲडव्हायझर हवा, आणि तो संध्याकाळी सहा ते नऊ बसायला हवा. आत्ता ऑफिस पाचला बंद होतं आणि आमच्या मुली क्लिनिकलहून त्यानंतर सुटतात. उत्तर अजून आलेलं नाही. तोपर्यंत मंगळवारी संध्याकाळी मी बसते. ज्यांना यायचं त्यांनी ट्रान्सक्रिप्टची प्रत घेऊन यावं, मोबाइलवरचा फोटो नको, त्यात ग्रेड वाचता येत नाहीत.